टिचकी मारा, पुढे जा

परदेशात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न 'गाव कुठलं?' आणि दुसरा 'कामाला कुठे?' पहिल्याचं उत्तर आम्ही छाती पुढे काढून देतो. दुसऱ्याशी आलं की आमची पंचाईत होते. दोह्यातल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत आपल्या मागेपुढे जी मंडळी उभी असतात त्यांची उत्तरं कशी स्वच्छ असतात. कोणी रास लफानला गॅसमध्ये, कोणी मेट्रोत, कोणी बँकेत, कोणी हॉस्पिटलात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काम लगेच उभं राहतं. आम्ही सांगतो, "कॉम्प्युटरवर जे धडे असतात ना, त्यांची बटणं आम्ही करतो." समोरचे काका क्षणभर थांबतात आणि मग अगदी मायेने विचारतात, "पण भागतं ना त्यात?"

तर वाचकहो, एकदाचा खुलासा करून टाकतो. भागतं. ज्याला ई-लर्निंग म्हणतात त्यातला आमचा वाटा चिमुकला आहे. विषय कोणी तज्ज्ञ लिहून देतो, चित्रं दुसरा काढतो, आवाज तिसऱ्याचा असतो. पडद्यावर बोट कुठे टेकवायचं, टेकवल्यावर काय घडायचं आणि न टेकवता पुढे सरकता येईल की नाही, एवढंच आम्ही ठरवतो. साधी बटणं, चित्रात दडवलेल्या जागा, एकाखाली एक उघडणारे कप्पे, पत्त्यांसारखी उलटणारी कार्डं, ओढून खोक्यात टाकायच्या चकत्या. हा आमचा माल. मराठी संकेतस्थळांनी सुरुवातीच्या काळात 'क्लिक'ला एक छान शब्द दिला होता, टिचकी. 'येथे टिचकी मारा' असं लिहिलेलं असायचं. पुढे तो मागे पडला आणि क्लिकच रूढ झालं. आम्हाला अजून टिचकीच आवडते, कारण टिचकीत बोट आहे. क्लिक हा नुसता आवाज.

ही बोटाने शिकण्याची कल्पना काही कालपरवाची नव्हे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० साली 'प्लेटो' नावाची संगणकावरून शिकवण्याची व्यवस्था सुरू झाली. १९७२ साली तिच्या नव्या यंत्रांना नारिंगी प्रकाशाचा पडदा आला आणि त्यावर आडवे सोळा, उभे सोळा असे न दिसणारे चौकोन. मुलाने बोट कुठल्या चौकोनावर ठेवलं हे यंत्राला कळायचं. म्हणजे आपल्याकडे पाटी-पेन्सिल जोरात होती तेव्हा तिकडची मुलं काचेला बोट लावून उत्तरं देत होती. १९८७ मध्ये ॲपलच्या हायपरकार्डने साध्या शिक्षकालाही स्वतःचं बटण स्वतः करता येईल अशी सोय केली. मग फ्लॅशचा जमाना आला आणि बटणं नाचायला, उड्या मारायला लागली. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि आमच्या धंद्यातले हजारो धडे एका रात्रीत बेवारस झाले. त्या वर्षी जुनी बटणं नव्या घरात हलवण्याचं जे काम निघालं, त्यावर आमच्यासारख्या बऱ्याच जणांची चूल पेटली.

आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर टिचकी खेड्यापाड्यांत नेली ती एमएस-सीआयटीने. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि २००२ पासून तालुक्या-तालुक्याला ही केंद्रं दिसू लागली. सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा आवश्यक झाल्यावर आमचे एक मामा, तलाठी, कणकवलीच्या केंद्रात जाऊन बसले. सातबारा ज्यांच्या बोटांवर, त्यांना 'डबल क्लिक' जमेना. ते मोठ्याने "एक, दोन" असं मोजत दाबायचे. त्या "एक" आणि "दोन" च्या मध्ये कोकण रेल्वेची गाडी जाईल एवढी फट असायची. केंद्रातली मुलगी हसायची नाही. ती म्हणायची, "मामा, दारावर टकटक करता तसं करा." मामांना लगेच जमलं. इंटरॅक्शन डिझाइनवर आम्ही पुढे बरीच पुस्तकं वाचली, पण त्या मुलीच्या वाक्याच्या तोडीचं फार थोडं सापडलं. आणि पुणं तर या कामाचं मोठं पेठच झालं. पुण्याच्या हार्बिंगर कंपनीचं 'रॅप्टिव्हिटी' म्हणजे तर तयार टिचक्यांचं दुकानच. हवी ती घ्या, आपल्या धड्यात बसवा.

आमच्या कामाचे नियम तसे घरगुतीच आहेत. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मोजून दाखवलं की वस्तू जितकी मोठी आणि जितकी जवळ, तितका हात तिच्याकडे लवकर नि अचूक जातो. आपल्या आयांना हे ठाऊक होतं. मिसळणाचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला असतो, माळ्यावर नसतो. डॉन नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात दारांचा दाखला दिला आहे. ज्या दारावर 'ढकला' अशी पाटी लावावी लागते त्या दारातच काहीतरी बिनसलेलं असतं. आपल्याकडे बँकेच्या दारावर 'ढकला' लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक ते मन लावून वाचून ओढतं. तेव्हा 'येथे टिचकी मारा' असं लिहायची वेळ आली की आम्ही बटणाकडे संशयाने बघतो.

हे सगळं कुठेही खरं आहे. पण कतारमध्ये आल्यावर या धंद्याला दोन गोष्टी चिकटतात. एक दिशा आणि दुसरी माणसं.

दिशेचं आधी सांगतो, कारण ते गमतीचं आहे. अरबी उजवीकडून डावीकडे जाते. म्हणजे 'पुढे' हे बटण डाव्या कोपऱ्यात आणि त्याचा बाण डावीकडे. आपण आयुष्यभर डावीकडून उजवीकडे गेलेली माणसं. अरबी धडा तपासताना पहिले काही दिवस आम्ही पुढे जायला मागे जात होतो. गाडीचं स्टिअरिंग इथे डाव्या बाजूला असतं त्याची सवय व्हायला लागतो तेवढाच वेळ याला लागतो. पण सगळंच उलटत नाही, आणि मेख तिथेच आहे. मजकूर उलटतो, मेनू उलटतो, प्रगतीची पट्टी उजवीकडून भरत येते. मात्र व्हिडिओ सुरू करायचा त्रिकोण उलटायचा नाही, घड्याळ उलटायचं नाही, आणि आकडे तर अरबीतही डावीकडून उजवीकडेच लिहायचे. त्यात अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. इथल्या रियालच्या नोटेची अरबी बाजू एकदा निरखून बघा. पन्नास लिहिलेलं असतं आणि मराठी शाळेत शिकलेला डोळा 'शून्य आणि वर एक टिंब' असं वाचतो. आमच्यासारख्यांना हा आकड्यांचा रोजचा योगाभ्यास आहे.

भाषांतराचीही अशीच. 'सबमिट'ला मराठीत 'सादर करा' म्हटलं की कलेक्टर कचेरीत उभं राहिल्यासारखं वाटतं. 'ओके' मात्र आठ भाषांत ओकेच. मल्याळम आणि तमिळमधले शब्द बटणाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, लहान शर्टातून पोट यावं तसे. इंग्रजीच्या मापाने कापलेलं बटण कुठल्याच भाषेला होत नाही, म्हणून आम्ही आधी मल्याळमचं माप घेतो आणि मग बाकीच्यांचं शिवतो. (ते शर्टाच्या बटणांचं विचारणारे काका अगदीच चुकत नाहीत म्हणा.)

आता माणसं. इथे आमच्या धड्यांपुढे बसतो तो बहुतेक वेळा ऑफिसातला माणूस नसतो. तो गवंडी असतो, मचाण बांधणारा असतो, वेल्डर असतो. साइटवर पाय ठेवण्याआधी त्याला सुरक्षेचा धडा पुरा करावा लागतो. उंचीवरचं काम, बंदिस्त टाकीतलं काम, उन्हाचा त्रास, गॅस. इथला उन्हाळा किती जीवघेणा असतो हे वाचकांना सांगायला नको. २००७ च्या नियमाने १५ जून ते ३१ ऑगस्ट दुपारी साडेअकरा ते तीन उघड्यावरचं काम बंद असायचं. २०२१ च्या मंत्रालयाच्या निर्णयाने ती मुदत १ जून ते १५ सप्टेंबर आणि सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी वाढली. शिवाय ऊन, दमटपणा, वारा सगळं धरून मोजलेलं तापमान ३२.१ अंशांच्या वर गेलं तर वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. हे नियम कामगाराला कळायला हवेत, कारण थांबायचा हक्क त्याचा आहे. आणि ते त्याला कळतात की नाही हे पुष्कळदा आमच्यासारख्यांनी केलेल्या बटणांवर अवलंबून असतं.

एका ठेकेदार कंपनीचा असाच एक धडा दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे दुरुस्तीला आला. दिसायला देखणा. प्रत्येक पडद्यावर पाच-सहा चित्रं, सगळ्यांवर टिचकी मारल्याशिवाय 'पुढे' पेटायचं नाही. हेल्मेटवर टिचकी मारली की 'हे हेल्मेट आहे, ते डोक्याचं रक्षण करतं' असं उघडायचं. बुटावर मारली की बूट. पुऱ्या धड्यात अशा चौसष्ट टिचक्या. याला ते लोक 'एंगेजमेंट' म्हणत. निकालाचा तक्ता सोबत होता. सगळे पास, सगळ्यांना शंभर टक्के.

सौ. इथल्या एका भारतीय शाळेत शिकवते. मार्च २०२० मध्ये कतारमधल्या शाळा बंद झाल्या आणि सगळं शिकवणं पडद्यावर आलं, तेव्हापासून तिचं या विषयावरचं मत पक्कं आहे. तिने तो धडा मागून उभं राहून पाहिला आणि म्हणाली, "अहो, पोरांना बटण मिळालं की ती धड्याकडे बघतच नाहीत. बटण कधी पेटतंय तिकडे बघतात." आम्हाला सत्यनारायणाची आठवण झाली. गुरुजी म्हणतात पाणी सोडा, यजमान पळीभर सोडतात. गुरुजी म्हणतात अक्षता वाहा, यजमान वाहतात. हात चाललेला असतो आणि लक्ष बाहेर चपला सुरक्षित आहेत का याकडे. चौसष्ट उपचारांची पूजा सांग झाली, शंभर टक्के.

आम्ही एक अट घातली. धडा हातात घेण्याआधी तो करणारी माणसं बघायची. कंपनीचा सुरक्षा अधिकारी केरळचा, मितभाषी माणूस. त्याने एका शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पवर नेलं. जेवणाच्या हॉलमध्ये लांब टेबलं, त्यांवर दहा-बारा टॅब्लेट. नेपाळी, बंगाली, बिहारी, तेलुगू माणसं आठवड्याच्या सुट्टीतला तासभर देऊन बसली होती. तिथे दोन गोष्टी बघितल्या. एका टेबलावर चलाख फोरमन स्वतःच टॅब्लेटवरून टॅब्लेटवर फिरत होता आणि सगळ्यांची बटणं दाबून देत होता. बाकीचे चहा पीत होते. ते शंभर टक्के कसे येतात हे कळलं. दुसरी गोष्ट बोटांची. सिमेंटमध्ये वर्षानुवर्षं काम केलेलं बोट कोरडं, घट्टे पडलेलं, टोकाला चिरलेलं असतं. टॅब्लेटची काच बोटातल्या ओलाव्यावर नि विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर चालते. तिला ते बोट बोट वाटतच नाही. माणूस दाबतो, काही होत नाही. पुन्हा दाबतो, जोरात दाबतो. ज्या चकत्या ओढून खोक्यात टाकायच्या होत्या त्या निम्म्या वाटेत सुटून परत जागेवर जात होत्या. तीन वेळा असं झालं की कोणालाही वाटतं आपल्यालाच येत नाही. एकाने अंगठ्याच्या कडेने दाबायची युक्ती काढली होती, एक जण बोट जिभेला लावून ओलं करत होता, तिकिटाला लावतात तसं.

वेबच्या जागतिक नियमावलीत २०२३ साली दोन कलमं आली. जिथे ओढावं लागतं तिथे नुसत्या स्पर्शानेही काम व्हायला हवं, आणि स्पर्शाच्या जागेला एक किमान माप हवं. आम्ही किमान मापावर थांबलो नाही. पडद्यावर दोनच जागा, प्रत्येकी तळहाताएवढी. त्या कॅम्पवरच्या कुठल्याही अंगठ्याला ती चुकू नये.

त्या टेबलांमध्ये एक आपला माणूस निघाला. नांदेडकडचा गवंडी, पन्नाशीचा, डोक्याला गमछा. मराठी धडा नव्हताच, हिंदी घेऊन बसला होता. आम्ही मराठीत बोललो तसा खुलला. "साहेब, बटन दाबलं की पुढं जातंय, मंग वाचायचं कशाला?" म्हणाला. आम्ही म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. पण मामा, गॅसचा भाग केलात ना? काय कळलं?" तो म्हणाला, "सडक्या अंड्याचा वास आला की पळायचं."

हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा. कतारच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो काढून टाकल्याशिवाय वायू विकता येत नाही, म्हणून जिथे गॅसची कामं तिथे त्याची भीती. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो. पण साधारण दहा लाखांत शंभर भाग इतका झाला की नाक बधिर होतं आणि वास थांबतो. म्हणजे माणसाला वाटतं गेला गॅस, आणि खरं तर तो वाढलेला असतो. हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, चरात साचतो. पळायचं ते वाऱ्याच्या आडव्या दिशेने ढगाच्या बाहेर पडून मग वारा येतो त्या बाजूला. म्हणून अशा ठिकाणी उंच खांबावर तो कापडी मोजा लावलेला असतो, विंडसॉक. जुन्या धड्यात विंडसॉकवर टिचकी मारली की 'हा विंडसॉक आहे' असं उघडत होतं.

आम्ही त्याला हे सांगितलं. वास थांबला तर उलट जास्त धोका, म्हटल्यावर तो गप्प झाला. मग विचारलं, "आणि समजा तुमच्या बरोबरचा माणूस चरात पडलाय. तुम्ही काय करणार?"

"काढणार की."

"मास्क नाही तुमच्याकडे."

"साहेब, गावाकडचं पोरगं पडलंय आन् मी वाऱ्याकडं बघू?"

यावर आम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही. मग तोच बोलू लागला. त्यांच्या शिवारात एकदा विहिरीतलं डिझेल इंजिन बघायला एक जण उतरला, तो वर आला नाही. भाऊ उतरला. तोही नाही. तिसऱ्याला बायकांनी कमरेला धरून ठेवला म्हणून तो आज आहे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या दरवर्षी येतात. विहीर, मैल्याची टाकी, गटाराचं चेंबर. मेलेल्यांत पहिला अपघाताने मेलेला असतो आणि बाकीचे मायेने. जगभर बंदिस्त जागांच्या अपघातांत हेच दिसतं की वाचवायला गेलेल्यांचे जीव फार जातात. हे गवंड्याला ठाऊक होतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि तरी त्याचं उत्तर "काढणार की" हेच होतं. चौसष्ट टिचक्यांत त्याला हा प्रश्न एकदाही विचारलेला नव्हता.

नवा धडा आम्ही याच जागेपासून बांधायला घेतला. पडद्यावर चर, चरात पडलेला माणूस, शेजारी धोक्याची घंटा, वर विंडसॉक. मजकूर नाही, फक्त त्या त्या भाषेत एक आवाज: तुमचा जोडीदार पडलाय, काय कराल? पडलेल्या माणसाला हात लावलात तर 'चूक' असं लाल अक्षरांत येत नाही, भोंगा वाजत नाही. पडद्यावर दोन माणसं पडलेली दिसतात. परत त्यालाच हात लावलात तर तीन. घंटेला हात लावलात तर ती वाजते आणि मग दुसरा प्रश्न येतो, कुठे जाल? डावीकडे की उजवीकडे? विंडसॉक दर खेपेला वेगळ्या बाजूला फडफडत असतो, त्यामुळे फोरमनने एकाचं उत्तर बघून दहा जणांचं दाबून चालत नाही. उन्हाच्या भागातही असंच. चक्कर येऊन बरळणाऱ्या माणसाला सावलीत न्यायचं, पाण्याने थंड करायचं, ९९९ ला फोन लावायचा. यातलं आधी काय, हे एकेका स्पर्शाने. सगळ्या धड्यात मिळून सात टिचक्या उरल्या.

कंपनीच्या बैठकीत याचं स्वागत झालं असं म्हणता येणार नाही. एक जण म्हणाला पैसे चौसष्टचे आणि माल सातचा. दुसऱ्याला पडलेली माणसं फार 'निगेटिव्ह' वाटली. हेल्मेट आनंदी होतं, असं त्याचं म्हणणं. पण खरी अडचण वेगळीच होती. टिचकीची नोंद ठेवण्याचा एक ठरीव मसुदा असतो, स्कॉर्म, २००० सालापासून चालत आलेला. त्यात 'पूर्ण झाला', 'पास', 'गुण' एवढं आलं की ऑडिटवाला खूश. नव्या धड्याच्या चाचणीत पहिल्या फटक्यात बहुतेकांनी पडलेल्या माणसालाच हात लावला होता. म्हणजे शंभर टक्क्यांचा तक्ता गेला. हा तक्ता वर कसा दाखवायचा?

तो केरळचा अधिकारी तोवर काहीच बोलला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "कोण धावणार आहे ते मला आधी कळलं तर बरं." मग ठरलं की शेवटी सगळे पास होईपर्यंत धडा पुन्हा करता येईल, तो तक्ता ऑडिटला. आणि पहिला स्पर्श कुठे पडला याची यादी फक्त सुरक्षा अधिकाऱ्याकडे. ती कोणाचा पगार कापायला वापरायची नाही, हे आम्ही लिहून घेतलं. भिडस्तपणा सोडून लिहून घेतलं, कारण कामगाराला एकदा कळलं की पहिली टिचकी अंगावर येते, की तो पुन्हा फोरमनचं बोट शोधायला लागतो. आता सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये तो अधिकारी त्या यादीवरून विषय निवडतो. नाव कोणाचं घेत नाही.

हे सगळं चोख झालं असं वाटत असतानाच अरबी आवृत्ती तपासायला गेली. आमचा एक सुदानी सहकारी ती बघत होता. त्याने हाक मारली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. सॉफ्टवेअरमध्ये 'पडदा उलटवा' अशी एक आयती सोय असते. तिने मजकूर उलटवला, बटणं उलटवली आणि जाताजाता चित्रातला विंडसॉकही उलटवला. बरोबर उत्तराची जागा मात्र जिथे होती तिथेच. म्हणजे अरबी वाचणाऱ्याला धडा शिकवत होता की गॅस ज्या बाजूला वाहतोय त्याच बाजूला पळा, आणि पळाल्याबद्दल हिरवी खूण देत होता. तो सुदानी गृहस्थ शांतपणे म्हणाला, "इंग्रजीवाले वाचले." वारा काही भाषा बघून वाहत नाही, तेव्हा त्या चित्राला उलटवायचं नाही अशी खूण घालून आम्ही ते बंद केलं. उर्दूही उजवीकडूनच जाते, तिचीही सगळी चित्रं मग एकेक करून पुन्हा पाहिली. दोन दिवस गेले. कोणी बिल विचारलं नाही, आम्हीही लावलं नाही.

त्या नांदेडच्या मामांना नवा धडा दाखवला तेव्हा त्यांनी आधी घंटेला हात लावला, मग बराच वेळ चरातल्या माणसाकडे बघत बसले. "घंटी वाजवली, पण जीव तिकडंच ऱ्हातोय," म्हणाले. आम्ही विचारलं, मराठीत करून हवा का? ते म्हणाले, "हिंदीत कळतंय. पण मराठीत ऐकलं तर घरचं कोनी सांगतंय असं वाटंल." कंपनीच्या यादीत मराठी नाही, माणसं मोजकीच आहेत. आवाज मात्र फुकटात मिळण्यासारखा आहे. सौ. तयार आहे, आपल्या मंडळाच्या नाटकातले दोघे जण तयार आहेत. मराठवाड्याच्या बोलीत म्हणू शकेल असा कोणी वाचकांत असेल तर त्यानेही कळवावं, पुणेरी सुरात 'वाऱ्याच्या दिशेचे अवलोकन करा' असं ऐकून कोणी पळणार नाही. मे संपायच्या आत काम उरकायचं आहे. १ जूनपासून दुपारची कामं थांबतात, आणि दहा ते साडेतीन या वेळात कॅम्पवरचा हॉल थंड असतो, टॅब्लेटही रिकामे मिळतात.